सीटखालची गाठ

दाजींनी ताईच्या थोबाडीत मारली ती सीटवरच्या टॉवेलवरून. तो उचलायला तिला जरा उशीर झाला, एवढंच. धाकटा भाऊ पाना हातात घेऊन उभा होता, उभाच राहिला. गॅरेज त्याचं होतं, बहीण त्याची होती, पण मागच्या वेळी तो मध्ये पडला त्याचं उट्टं दाजींनी घरी जाऊन तिच्यावर काढलं होतं. तिचा डावा हात अजून कोपरात सरळ होत नव्हता.

"बघताय काय मेव्हणे? सीट बघा," दाजी म्हणाले.

गाडी जुनी, पण पुढच्या दोन्ही सीटा गरम व्हायच्या आणि दाजींना त्याचं भारी कौतुक. परवा मात्र ड्रायव्हरची सीट अशी तापली, की त्यांच्या पँटला भोक पडलं, मांडीला फोड आला. मग ती जी बंद पडली ती पडलीच. घरात कुणाला ब्र काढू न देणाऱ्या माणसाला त्याच्याच सीटने चटका द्यावा, याचं धाकट्याला हसू आलं. ते त्याने गिळलं.

बोल्ट काढून त्याने सीट उलटी केली. आतला फोम काळा पडला होता. सीट फार तापली की वीज तोडायला थर्मोस्टॅट असतो. कुणीतरी तो वगळून वायर थेट जोडली होती. अशी सीट पेटते. हीही पेटली असती, पण ती वायरच वितळून मध्ये तुटली होती. जोडावर मेण लावलेला दोरा होता. दोन वेढे, वर उलटी गाठ.

धाकट्याने ती लगेच ओळखली. ती गाठ बाबांची. ओढ बसली तरी जोड सुटू नये म्हणून बाबा प्रत्येक वायरीवर ती मारायचे, आणि शिकवली त्यांनी फक्त आपल्या दोन पोरांना. या सीटला धाकट्याने आजवर हात लावला नव्हता.

त्याने मान वर केली. ताई दाराशी उभी होती, गालावर पाच बोटं उमटलेली, आणि त्याच्याकडेच बघत होती. अगं बाई, एवढं धाडस केलंस तर गाठ तरी साधी मारायचीस. पण लहानपणी हाताला लागलेलं वळण, ते कुठे जाणार?

तो दोरा कापायला कटर शोधू लागला, तेवढ्यात दाजी वाकले. लग्नाआधी ते इथलेच गिऱ्हाईक, आणि बाबा प्रत्येक गिऱ्हाइकाला ती गाठ हौसेने दाखवायचे.

"ही तुमच्या बापाची गाठ," दाजी म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. तो खाली आला की पुढे काय होतं ते ताईला ठाऊक होतं; तिने दाराची कडी घट्ट धरली. दाजी सावकाश तिच्याकडे वळू लागले.

"मी जोडली," धाकटा म्हणाला. "तुम्ही जळून मरावं म्हणून."

दाजींनी त्याच्याच हातातला पाना हिसकावला. पहिला घाव कानशिलावर बसला, दुसरा बरगड्यांवर. तो खाली पडल्यावर बुटांनी तुडवणं सुरू झालं. त्याने हात उचलला नाही. इथे बसणारी प्रत्येक लाथ घरी बसणार नव्हती. तोंडातून रक्ताबरोबर एक दात बाहेर आला आणि तेलकट फरशीवर घरंगळत गेला. ताई मध्ये पडली नाही. पडली असती तर त्याचा मार फुकट गेला असता, आणि हे तिला कळत होतं म्हणूनच तिला ते सोसवत नव्हतं.

दम लागल्यावर दाजी थांबले. नळावर हात धुतले, ताईच्या ओढणीला पुसले.

"आता नीट करायची ही सीट. आणि घरी जाताना तिच्यावर तुमची बहीण बसेल. गाडी ती चालवेल, मी शेजारी बसेन. मग बघू कोण जळतंय." ते समोरच्या खानावळीत जेवायला गेले. जाताना रेडिओचा आवाज मोठा करून गेले.

ताई खाली बसली. तिने त्याचं तोंड पुसलं, दात उचलून त्याच्या खिशात ठेवला. तो बोबड्या तोंडाने म्हणाला की आता जाऊ नकोस, इथेच राहा. ती म्हणाली, तो मला पहिल्यांदा इथेच शोधेल, आणि मग तुलाही सोडणार नाही. ती रडत होती, पण आवाज शांत होता.

मग तिने वितळलेली वायर उचलून उजेडात धरली.

"बारीक पडली," ती म्हणाली.

तिने खणातून जाड वायर काढली, मेणाचा दोरा काढला. फरशीवरचा पाना उचलून त्याला लागलेलं रक्त पुसलं आणि शेजारच्या सीटचा पहिला बोल्ट सैल केला.