खांबापलीकडचा ड्वेन

कॉलेजच्या जुन्या बास्केटबॉल हॉलमध्ये व्हर्ना आणि ड्वेन यांच्या खुर्च्यांच्या मधोमध एक जाडजूड खांब होता. डावीकडची जाळी तिला दिसत नसे, उजवीकडची त्याला. आपल्या पोरांची पहिली बास्केट पडेपर्यंत कुणी बसायचं नाही, हा तिथला रिवाज. ड्वेन चेंडू हवेत असतानाच ओरडे, “बस गं, पडली!” नेम चुकला की भरल्या हॉलमध्ये एकटी व्हर्ना बसलेली. एकतीस वर्षं हेच.

हॉल ठेवायचा की पाडून नवा बांधायचा, यासाठी जुन्या प्रेक्षकांना बोलावून हात मोजले. व्हर्नाचा हात ‘ठेवा’ला वर गेला. ‘पाडा’ म्हटल्यावर खांबापलीकडून ड्वेनचा!

“गद्दारा!” ती कडाडली. “नव्या हॉलमध्ये खांबच नसेल. मग मला कोण सांगणार रे, काय झालं ते?”

“अगं बाई, एकतीस वर्षांत मला तुझे गुडघे तेवढे दिसलेत, आणि लाह्या खाणारा एक हात. माझी बायको जाऊन सहा वर्षं झाली, तुझा नवरा त्याआधीच गेला. नव्या हॉलमध्ये लागून-लागून दोन खुर्च्या मागितल्यात मी.”

व्हर्ना ताडकन उभी राहिली.

“ओ मोजणारे साहेब! पुन्हा मोजा!”