मामीच्या हातातला टीव्ही

"टीव्हीवरचा क्यूआर कोड मोबाइलने स्कॅन करा," असं मी बाबांना तीनदा सांगितलं. त्यांनी त्याचा फोटो काढला आणि 'हे काय आहे?' असं विचारत मामाला पाठवला.

ताईची कबड्डीची फायनल पाच वाजता इंटरनेटवर दिसणार होती. नवा बॉक्स जोडायला मी दोनपासून झटत होतो. रिमोटने एकेक अक्षर शोधत वायफायचा पासवर्ड टाकताना माझा अंगठा सुजला होता. पाचला दोन मिनिटं असताना टीव्ही लागला. त्यावर एक सासू जिन्यावरून गडगडत होती.

मामाने मामीच्या फोनवरून फोन केला. "दाजी, केलं मी स्कॅन! आता माझ्या मोबाइलवर लागेल तेच तुमच्याकडे दिसणार."

"मग कबड्डी लाव की!"

"माझा मोबाइल हिच्या हातात आहे. सासू खाली पोचली की देते म्हणालीय."

प्रत्येक पायरीवर तीनतीनदा पडत सासू पावणेसहाला खाली पोचली. तेवढ्यात ताईचाच फोन आला. "आई, जिंकलो! माझी शेवटची पकड बघितलीस ना?"

आईने पदराने डोळे पुसले. "बघितली गं. पण तिला ढकललं कुणी?"