हिरवा बावटा

गाडीनं कराड सोडलं तरी नानासोनं खिडकी सोडली नाही. डाव्या अंगाचीच खिडकी त्याला हवी होती. त्यासाठी ताकारीला चढताना तो दोघांशी भांडला होता. तिकीट पुण्याचं, लेकीच्या गावचं होतं. उतरायचं मात्र वाठारला होतं, आणि हे त्यानं लेकीलासुद्धा सांगितलं नव्हतं.

समोर वडूजकडची बनुबाई बसली होती. मांडीवर लाडवांचा डबा.

"दिवाळीला माहेरला चाललेय," कुणी विचारायच्या आधीच तिनं सांगून टाकलं. "सत्तरी गाठली, तरी पाय थांबत न्हाईत. तुमची मालकीण न्हाई आली?"

"गेली. श्रावणात."

बनुबाई चुकचुकली. "माहेरचं लुगडं पडलं का अंगावर शेवटाला?"

"माहेर न्हवतं तिला."

"आसं कसं?"

नानासो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "लग्नात कानपिळीला तिचा बारका भाऊ आला. आठ-नऊ वर्सांचं पोरगं. कान आसा पिळला, माज्या डोळ्यांत पानी. सगळा मांडव हासला. मी दिली त्याच्या मुस्काटात. मग त्यांचा बा उठला, आमचा उठला. तिला तवाच सांगितलं, माहेरचं नाव काढलंस तर माजं मेलेलं तोंड बघशील."

"मग?"

"न्हाई काढलं तिनं. चौतीस वर्सं."

"आवं, एका कानापायी?" बनुबाई हसायला गेली, पण ते हसू अर्ध्यातच राहिलं. कोरेगावला डबा छातीशी धरून ती उतरून गेली.

नानासोला ते बरंच वाटलं. त्याला बोलायचं नव्हतं, जळायचं होतं.

त्याच्या बायकोला, सुलाबाईला, त्याच्याशिवाय होतं कोण? कुणीच नाही, असं तो समजून चालला होता. अकरा वर्षांपूर्वीपर्यंत. लेकीचं, प्रांजलचं लग्न झालं, ती पुण्याला गेली, आणि दर दिवाळीत दोघं ह्याच गाडीनं तिच्याकडं जायला लागली. सातारा मागं पडलं, जरंडेश्वराचा डोंगर सरला, की सुलाबाई उठायची. पदर सारखा करायची. इवल्याशा आरशात बघून कुंकू ठसठशीत करायची. मग दारात जाऊन दांडी धरून उभी राहायची.

वाठारच्या अलीकडं एक फाटक होतं. तिथं गाडीचा वेग कमी व्हायचा. हिरवा बावटा धरून फाटकवाला उभा असायचा. चाळिशीकडं झुकलेला, तिच्यापेक्षा लहान, अंगापिंडानं भरलेला. सुलाबाई त्याच्याकडं फडक्यात बांधलेलं काहीतरी फेकायची आणि हात हवेत गोल फिरवून कसलीशी खूण करायची. तो टोपी काढून मान खाली घालायचा. एवढंच. पण जागेवर परत आल्यावर तिचा चेहरा असा उजळलेला असायचा, की तसा नानासोनं घरात कधी बघितला नव्हता.

पहिल्या वर्षी त्यानं विचारलं होतं, "कोन हाय त्यो?"

"फाटकवाला. दुसरं कोन आसनार?"

"आनि फेकलंस काय?"

"खायाला. रानात एकटाच आसतोय बिचारा."

पुन्हा त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं आणि तिनं खरं सांगितलं असतं, तर काय करायचं हे त्याला माहीत नव्हतं. आजारपणातही ती एकदा ग्लानीत म्हणाली, "बावटा दिसला का?" नानासोनं तिच्या कपाळावरची पट्टी बदलली आणि दात आवळले.

आता गाडीचा वेग मंदावला. घेवड्याची रानं, बाभळी, आणि मग फाटक. तो उभा होता. अंगात इस्त्रीचा सदरा. गाडीच्या एकेका दाराकडं आशेनं बघत होता. नानासोचा डबा गेला. त्या डब्याचं दार रिकामं होतं. फाटकवाल्यानं मान वळवून वळवून मागचे डबे बघितले.

बायको मेली होती, तरी हा तिची वाट बघत होता.

वाठारला उतरून तो रुळाच्या कडेकडेनं मागं चालत आला. खडीवर चप्पल तुटली, ती हातात घेतली. फाटकवाला केबिनच्या दारात बसला होता. नानासोला बघताच तो ताडकन उभा राहिला. रंग उडाला. त्यानं आपल्याला ओळखलंय, हे नानासोला कळलं.

आत पत्र्याची ट्रंक उघडी होती. तिच्यात नव्या कोऱ्या साड्या एकावर एक रचलेल्या, कुठलीच घडी मोडलेली नाही. सगळ्यात वर एक हिरवी. सुलाबाईचा आवडता रंग.

"कुनासाठी ह्या?" चप्पल धरलेला हात नानासोनं वर उचलला. "बोल! कुनासाठी घेतल्यास?"

फाटकवाला मागं सरला नाही. बावटा काखेत धरून त्यानं दोन्ही हातांनी स्वतःचे कान पकडले, लहान पोरागत.

"दाजी, त्या दिशी चुकलं माजं. आता तरी सोडा," तो म्हणाला. "चालत्या गाडीत ववाळनी कशी द्यायची, म्हनून साठवून ठिवल्यात. अक्का कुठल्या डब्यात हुती? आज दारात दिसली न्हाई."