घरमालकाचं काम

अगं, आधी ऐक तरी! गणपतीच्या मांडवात वंशभेदावरचं नाटक सुरू व्हायला जेमतेम पाच मिनिटं, आणि शलाका स्टेजमागे निनादच्या तोंडाला काळा रंग फासत होती. निनाद झाला होता सुदानी विद्यार्थी, ज्याला सोसायटीत कुणी खोली देत नाही. नाटक शलाकानंच लिहिलेलं, घरमालकाचं झकास कामही तिचंच, त्यामुळे स्वारी जाम खूश.

तेवढ्यात खराखुरा सुदानी इद्रिस शुभेच्छा द्यायला आत आला. फार्मसीला आहे, मराठी मस्त बोलतो. त्याच्यावरूनच तर नाटक सुचलेलं. त्यानं निनादकडे टक लावून बघितलं. "हा कोण रे?"

"तू," निनाद पुटपुटला.

शलाकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्या तालमी झाल्या, पण इद्रिसला बोलवावं असं एकदाही डोक्यात आलं नव्हतं. ओल्या फडक्यानं निनादचं तोंड पुसत ती म्हणाली, "सॉरी इद्रिस. तुझं काम तूच कर ना."

"ते तर मी रोजच करतो," इद्रिस हसला. "मला घरमालक कर. त्याची वाक्यं पाठच आहेत मला."

बाहेर पहिल्याच रांगेत करंदीकर काका बसलेले, सोसायटीचे चेअरमन. जूनमध्ये खोली बघायला आलेल्या ह्याच इद्रिसला त्यांनी दारातूनच परत पाठवलं होतं. भडकले तर पुढच्या वर्षी नाटकच बंद!

माईकवर नाटकाचं नाव पुकारलं. शलाकानं डोक्यावरची घरमालकाची टोपी काढली आणि इद्रिसच्या हातात ठेवली.

तू दिली असतीस गं?