निळी पट्टी

दिएपच्या चित्रात करड्या चौकोनांखाली उमटलेली निळी पट्टी तिला सकाळपासून छळत होती. ती तिथे का आली, तिलाच सांगता येईना. हनोईच्या प्रदर्शनासाठी चित्र न्यायला टेम्पो दारात उभा होता. शेवटी पट्टी पुसायला तिने पांढऱ्या रंगात ब्रश बुडवला. "रंग पळून जात नाही, जरा पड," उकाड्याने वैतागलेली आई म्हणाली आणि फरशीवर चटई अंथरून चित्राकडे डोकं करून आडवी झाली. मान मागे टाकताच हसली. "अगं, ही आपल्या समोरची इमारत की. बाल्कन्यांचे लोखंडी पिंजरे, वर आभाळ. लहानपणी दुपारी झोपायचं सोडून अशीच उलटं बघत पडायचीस." दिएप शेजारी आडवी झाली. पट्टी वर गेली. बाहेरून टेम्पोवाला ओरडला, "ताई, न्यायचं का आज?" "न्या तसंच," ती पडल्यापडल्या म्हणाली. "ही चटईपण घ्या, चित्रासमोर अंथरायचीय."