न झालेली पुकार

तिसऱ्या रविवारीही रुक्माच्या लग्नाची पुकार झाली नाही.

पाळक शामरावांनी आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली, भट्टीवर काम करणाऱ्यांसाठी केली, शेवटचं गीत झालं आणि लोक उठले. लग्नाआधी तीन रविवार दोघांची नावं मंडळीसमोर वाचायची, कुणाची हरकत आहे का विचारायचं, मगच लग्न लागायचं. आज तरी नाव ऐकू येईल म्हणून रुक्मा नवं लुगडं नेसून पुढे बसली होती. पत्र्याच्या त्या चर्चमधून बाहेर पडताना बायका तिच्याकडे बघून कुजबुजत होत्या.

कवडू बाहेर कडुलिंबाखाली सायकल धरून उभा होता. भंडाऱ्याकडचा, बौद्ध, कारखान्यात क्रेन चालवणारा माणूस. तो कधी आत येत नसे. पण लग्न चर्चमध्येच लागावं हा हट्ट त्याचाच.

"तुह्या मनाले तेच बरं वाटन," तो म्हणाला होता. "तू येशूले सोडू नको, मी बुद्धाले सोडत नाही. संसाराले अडचण काय?"

खरं तर रुक्मानं येशूला पाच वर्षांपूर्वीच सोडलं होतं. फक्त कुणाला सांगितलं नव्हतं.

अठ्ठावन्न साली कारखाना उभा राहत होता. तिचा नवरा लहानू खलाशी होता, दोरखंड बांधून लोखंड वर चढवायचं त्याचं काम. एका दुपारी तो परांचीवरून खाली कोसळला. डोक्याला मार, शुद्ध नाही. त्याला नागपूरच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. रुक्मा नऊ दिवसांची बाळंतीण.

"तू इथं प्रार्थना कर," शामराव म्हणाले. "मी त्याच्याबरोबर जातो."

तिनं प्रार्थना केली. लेकीला पदराखाली घेऊन, झोपडीच्या मातीत गुडघे टेकून, अकरा दिवस. दुसरं काही मागितलं नाही. घर नको, सुख नको, त्याला जगव.

बाराव्या दिवशी शामराव एकटेच परतले. उन्हाचे दिवस होते, थांबता आलं नाही, तिकडंच माती दिली, म्हणाले. आणि तिच्या दारात बसून लहान मुलासारखे रडले. एवढ्या मोठ्या माणसाला रडताना बघून रुक्मालाच त्यांना पाणी द्यावं लागलं.

त्या दिवसापासून तिच्या ओठांवर प्रार्थना आली नाही. लेकीसाठी, साधनासाठी, ती रविवारी चर्चला जायची. सगळे डोळे मिटायचे तेव्हा ती उघडे ठेवून पत्र्याची भोकं बघायची. दर वर्षी मंडळीतल्या मेलेल्यांची नावं वाचली जायची, त्यात लहानूचं नाव कधी नसायचं. एकदा तिनं विचारलं, तर शामराव म्हणाले, "राहून गेलं." येशू विसरला, मग पाळक विसरला तर काय नवल, असं म्हणून तिनं तेही गिळलं.

मागच्या पावसाळ्यात साधनाला टायफॉइड झाला. घरांच्या शेजारच्या ओळीत राहणारा कवडू कारखान्यातली पाळी संपवून दवाखान्यात यायचा आणि तिच्या कपाळावर पट्ट्या बदलत बसायचा. एकविसाव्या दिवशी पोरीनं पेज मागितली. रुक्मा घरी आली, चूल पेटवायला वाकली आणि तिथंच गुडघ्यांवर बसली. काही मागितलं नाही. नुसती बसली. पाच वर्षांनी कुणीतरी समोर आहे असं तिला वाटलं.

आणि आता ही तीन रविवारांची चालढकल.

चर्च रिकामं झालं तशी ती मागच्या खोलीत गेली. शामराव चष्मा पुसत होते.

"पुकार कावून नाही केली?"

"थोडं थांब, रुक्मा."

"कवडू बौद्ध हाय म्हणून?"

शामराव चष्मा पुसतच राहिले.

"आपल्या मंडळीतल्या केवलरामचं लगन लावलंच ना तुमी. त्याची बायको कुठं आपल्यातली होती?"

"ते वेगळं होतं."

"कवडूत काही खोट हाय काय?"

"नाही. तुझ्या लेकीला बाप मिळेल तर असाच मिळावा."

"मंग माह्यात हाय?"

"तुझ्यात तर नाहीच."

रुक्मानं पदर कमरेला खोचला. "नका करू पुकार. मंगळवारी आमी दुर्गच्या कचेरीत जातो. तिथं सही केली का झालं."

शामराव झटकन उठले. "तिथंही जाऊ नकोस. माझं ऐक. कुठंच लग्न करू नकोस."

हातातलं बायबल तिनं टेबलावर ठेवलं.

"हे घ्या तुमचं. लहानूच्या वक्ताले अकरा दिवस मी जमिनीवरून उठली नाही. एकच मांगलं, त्याले जगव. नाही ऐकलं त्यानं. तरी आता कुठं त्याच्याकडं तोंड वळवलं, तं तुमी दार लावून राहिले. तुमच्या येशूनं मले दोन खेपा धोका देला, पाळकसाहेब. आता तिसरी खेप नाही."

ती वळली.

"ऐकलं होतं त्यानं," शामराव मागून म्हणाले.

ती उंबऱ्यातच थांबली. बाहेर कवडूनं साधनाला सायकलवर बसवलं होतं.

"अकराव्या दिवशी लहानू शुद्धीवर आला. तुझ्याकडं परत यायचं नाही म्हणाला. नागपुरात त्याचं दुसरं घर होतं. टाकलेली बाई म्हणून जगण्यापेक्षा विधवा म्हणून लोक तुला मान देतील, असं मला वाटलं. तुझा नवरा जिवंत आहे, रुक्मा. मारला तो मी."