पाण्याचं नवं भांडं

कुत्र्यांची पिल्लं विकणाऱ्या त्या मालकाला तपासनीस बाईंनी मागच्या खेपेस बजावलं होतं, व्यायलेल्या कुत्रीला पाण्याचं भांडं हवं. या खेपेस भांडं होतं, नवंकोरं, किमतीच्या चिठ्ठीसकट, पण पिंजऱ्याबाहेर! ती ओली बाळंतीण जाळीतून जीभ काढत होती आणि पाणी वीतभर लांब. "अहो, आत का नाही ठेवलंत?" "आत सांडतं, ताई. मग फरशी भिजली म्हणून तुम्हीच दंड ठोकता!" बाईंनी कपाळावर हात मारला आणि कडी काढली. "पळेल ती!" मालक ओरडला. ती कुठली पळतेय! लपालपा प्यायली, मग भांडं दातांत धरून, हिंदकळवत, पिल्लांपाशी आत घेऊन गेली. मालक खुलला. "बघा, पोचलं आत! आता लिहा, पूर्तता झाली." बाईंनी पेनाला टोपण लावलं आणि ड्रायव्हरला हाक मारली: "गाडी दारात घे. माय-लेकरं आपल्याबरोबर येताहेत, भांड्यासकट."